अप्रीतीचा गुन्हा

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा लिखित पाठ)



जिल्हा न्यायालयात आयुष्यभर वकिली केलेल्या एका सज्जनाच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते. म्हणून विषयही न्यायालयातलाच घेतला आहे. राज्य आपल्या माणसांकडून काय काय मागू शकते? कर मागते, कायदा पाळायला सांगते, साक्षीला बोलावते, वेळ आली तर सैनिकाकडे प्राणही मागते. यांतल्या प्रत्येक मागणीचे माप ठरलेले आहे. कर भरला की नाही, साक्षीला माणूस आला की नाही, हे कोणालाही पाहता येते. पण राज्याने प्रेम मागितले तर? आणि ते तुमच्याजवळ नाही, किंवा तुमच्या बोलण्याने दुसऱ्याच्या मनातले ते कमी झाले, एवढ्यावरून तुम्हाला तुरुंगात घातले तर?

हा प्रश्न मुंबईच्या उच्च न्यायालयात १८९७ च्या सप्टेंबर महिन्यात उभा राहिला. तो ज्या वर्षी उभा राहिला त्या वर्षाकडे आधी पाहू.

१८९७ च्या जूनमध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला साठ वर्षे पूर्ण झाली. हिंदुस्थानभर मानपत्रे लिहिली गेली, रोषणाई झाली, राजनिष्ठेचे ठराव पास झाले. पुणे त्याच वर्षी प्लेगमधून जात होते. फेब्रुवारीत रँडसाहेब प्लेग कमिटीचा प्रमुख म्हणून आला. गोरे सोजीर घरोघर शिरू लागले. माजघरे, देवघरे तपासली जाऊ लागली. माणसे इस्पितळात आणि विलगीकरणाच्या छावण्यांत नेली जाऊ लागली. रोग खरा होता, उपाय करणे आवश्यक होते, हे मी नाकारत नाही. पण ज्या रीतीने ते उपाय झाले त्या रीतीने शहराचे मन दुखावले आणि ते दुखणे सांगायला जागा नव्हती.

अशा शहरात १२ जूनच्या सुमारास शिवराज्याभिषेकाचा उत्सव झाला. टिळक अध्यक्ष होते. प्राध्यापक भानू यांनी अफजलखानाच्या वधावर व्याख्यान दिले. १५ जूनच्या ‘केसरी’त त्या सभेचा वृत्तान्त आला आणि शिवाजी महाराज आजचा देश पाहून काय म्हणतील अशा कल्पनेची एक कविताही आली. पुढच्याच आठवड्यात, २२ जूनच्या रात्री, गणेशखिंडीच्या गव्हर्नरांच्या बंगल्यावरून जुबिलीचा समारंभ आटोपून परतताना रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. एका शहरात दहा दिवसांच्या आत दोन राज्यारोहणांची आठवण झाली. एक १८३७ चे, दुसरे १६७४ चे. लोकांचे मन त्यांतल्या कुठल्या सिंहासनाकडे ओढ घेत होते, हे सरकारला मानपत्रे वाचून कळत नव्हते, आणि म्हणूनच सरकार घाबरले होते.

२७ जुलैला टिळकांना मुंबईत अटक झाली. कलम १२४-अ. या कलमाचा इतिहास थोडा सांगतो. मेकॉलेच्या १८३७ च्या मसुद्यात ते होते. १८६० चा दंडसंहितेचा कायदा झाला तेव्हा ते त्यात आले नाही, आणि १८७० मध्ये जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी ते घातले. कायद्याने स्थापन झालेल्या सरकारविषयी अप्रीती उत्पन्न करणे किंवा तसा प्रयत्न करणे हा गुन्हा. शिक्षा, जन्मठेप काळ्या पाण्यापर्यंत. दंडसंहितेतली इतर कलमे पाहा. चोरी, दुखापत, खून, दंगा, सगळीकडे काहीतरी घडलेले असते. येथे घडण्याची जागा माणसाचे अंतःकरण आहे, तेही दुसऱ्याचे.

खटल्याआधीची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. टिळकांचा जामिनाचा अर्ज आधी नाकारला गेला. पुढे तो न्यायमूर्ती बद्रुद्दिन तय्यबजी यांच्यापुढे आला आणि ४ ऑगस्टला त्यांनी जामीन दिला. तय्यबजी १८८७ च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष होते. त्या दिवशी ते राणीच्या नावाने चालणाऱ्या न्यायालयात राणीच्या नेमणुकीने बसले होते, आणि राणीच्या सरकारला नको असलेली गोष्ट त्यांनी केली, कारण आरोपीला आपल्या बचावाची तयारी करू देणे हा त्या न्यायालयाचाच नियम होता. राजाशी इमान राखणे कशाला म्हणावे याचे याहून चांगले उदाहरण मला त्या वर्षात दिसत नाही.

८ सप्टेंबरला न्यायमूर्ती आर्थर स्ट्रेची यांच्यापुढे सुनावणी सुरू झाली. ज्युरीत नऊ जण, सहा युरोपियन आणि तीन हिंदी. लेख मराठी, आणि बहुमतातल्या ज्युरींना मराठी येत नव्हते. ते भाषांतरावर विसंबून होते. बचावासाठी कलकत्त्याहून बॅरिस्टर प्यू आले होते. सारा वाद एका मुद्द्यावर येऊन ठेपला, अप्रीती म्हणजे काय? बचाव पक्षाचे म्हणणे असे की सरकार उलथून टाकायला, बळाने विरोध करायला चिथावणी दिली तरच गुन्हा. स्ट्रेची यांनी ज्युरीला उलट सांगितले. प्रीतीचा अभाव म्हणजेच अप्रीती, असे ते म्हणाले. द्वेष, वैर, तिरस्कार, कोणत्याही प्रकारची दुर्भावना तिच्यात येते. ती किती तीव्र आहे, तिच्यातून दंगा झाला की नाही, याला महत्त्व नाही. थोडी असली तरी पुरे. १४ सप्टेंबरला निकाल लागला. सहा विरुद्ध तीन. युरोपियन ज्युरी दोषी म्हणाले, हिंदी ज्युरी निर्दोष. अठरा महिने सक्तमजुरी.

मित्रहो, स्ट्रेची यांच्या या अर्थाचा परिणाम काय होतो ते नीट पाहा. प्रेम नसणे हाच गुन्हा ठरला की उदासीन माणूसही गुन्हेगार होतो. ज्याने राणीला कधी वाईट म्हटले नाही, पण चांगलेही म्हटले नाही, तोही संशयित. सरकारच्या दृष्टीने निर्दोष फक्त तो, जो रोज उठून प्रेम दाखवतो. आणि प्रेम दाखवणे भाग पडले की खोटे बोलणारे वाढतात. सरकारजवळ मानपत्रांचा ढीग जमतो आणि लोकांच्या मनात काय आहे याची खबर मात्र तुटते. २२ जूनच्या रात्री नेमके हेच दिसले होते.

आता मला ज्या निकालाकडे तुमचे लक्ष मुख्यतः वेधायचे आहे तो सांगतो. टिळकांच्या खटल्याची चर्चा एवढी झाली की त्याच वर्षीचा दुसरा खटला तिच्याखाली दडून गेला. सातारा जिल्ह्यात इस्लामपूरहून ‘प्रतोद’ नावाचे पत्र निघत असे. कॅनडाच्या लोकांचे उदाहरण घेऊन स्वतंत्र होण्याच्या तयारीविषयी त्यात एक लेख आला. संपादकावर आणि मालकावर १२४-अ खाली खटला झाला, शिक्षा झाली आणि अपील उच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींपुढे आले. मुख्य न्यायमूर्ती फॅरन, न्यायमूर्ती पार्सन्स आणि तिसरे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे.

रानडे यांना तो काळ कसा गेला असेल याची कल्पना करा. ते स्वतः ब्रिटिश राज्याला ईश्वरी योजना मानणारे. टिळकांशी त्यांचे अनेक बाबतींत मतभेद. त्यांच्या मित्रमंडळींवरही सरकारचा डोळा होता. आणि आता त्यांच्याच हाताने अप्रीतीचा अर्थ लिहायचा होता. त्यांनी लिहिले ते असे की अप्रीती म्हणजे केवळ प्रेमाचा किंवा सदिच्छेचा अभाव नव्हे. ती एक प्रत्यक्ष, होकारार्थी वैरभावना आहे, बेइमानीच्या जवळ जाणारी, जी उघडपणे अधिकार धुडकावते किंवा गुप्तपणे लोकांना राज्यापासून तोडू पाहते. फॅरन यांनीही अभाव हा अर्थ स्वीकारला नाही. ‘प्रतोद’च्या माणसांची दोषसिद्धी या तिघांनी कायम ठेवली, हे मी लपवत नाही. त्या अर्थानेही ते दोषी ठरतात असे न्यायालयाला वाटले, आणि ते मला पटत नाही. पण स्ट्रेची यांनी जी रेघ पुसून टाकली होती, म्हणजे राज्यावर प्रेम नसणे आणि राज्याशी वैर धरणे यांच्यामधली, ती रानड्यांनी पुन्हा ओढली. सगळ्या प्रजेला संशयाखाली आणणारा अर्थ राज्याचा हितचिंतक असलेल्या न्यायाधीशाने नाकारला. ही गोष्ट आपल्या शाळांत शिकवली जात नाही याचे मला खरोखर वाईट वाटते.

त्याच उन्हाळ्यात गोखलेही भरडले गेले. वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला ते विलायतेत होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी तेथे सोजिरांच्या वर्तनाविषयी गंभीर आरोप केले. परतल्यावर पुरावा मागितला गेला. पत्रे लिहिणाऱ्यांची नावे त्यांनी सांगितली नाहीत आणि पुरावा नाही म्हणून बिनशर्त माफी मागितली. त्या माफीवरून त्यांच्यावर आयुष्यभर टीका झाली. मी मात्र तिच्याकडे वेगळ्या नजरेने पाहतो. राजनिष्ठ म्हणून नावाजलेल्या या माणसाने सरकारच्या मर्जीपेक्षा आपल्यावर विश्वास टाकणाऱ्यांना दिलेला शब्द मोठा मानला, आणि अपमान स्वतःवर घेतला. पुण्याच्या नातू बंधूंना तर त्याच वेळी १८२७ च्या २५ व्या रेग्युलेशनखाली चौकशीविना अडकवून ठेवले होते. नाव सांगितल्याचे परिणाम काय होऊ शकतात हे सर्वांना दिसत होते.

सरकारने पुढच्या वर्षी, १८९८ मध्ये, कलमाची दुरुस्ती केली. द्वेष आणि तुच्छता हे शब्द आले, बेइमानी आणि शत्रुत्वाच्या सर्व भावना अप्रीतीत गणल्या गेल्या, आणि द्वेष न चेतवता केलेली टीका गुन्हा नाही असे स्पष्टीकरण जोडले. एका हाताने दिले, दुसऱ्याने काढून घेतले. त्या सप्टेंबरात टिळक मुदतीआधी सुटले. त्यांच्यासाठी केलेल्या अर्जावर मॅक्समुल्लर यांचीही सही होती.

१९०८ चा खटला तुम्हाला माहीत आहे, म्हणून मी त्यात फार रेंगाळत नाही. मुझफ्फरपूरच्या बाँबनंतरचे लेख, न्यायमूर्ती दिनशा दावर, स्वतःच बचाव करत दिवसच्या दिवस बोलणारे टिळक, सात विरुद्ध दोन असा ज्युरीचा कौल, २२ जुलैच्या रात्री सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा, आणि नंतर मुंबईच्या गिरणी कामगारांचा सहा दिवसांचा संप. १८९७ मध्ये हेच दावर टिळकांच्या बाजूने जामिनासाठी उभे राहिले होते. शिक्षा सुनावताना ते जे म्हणाले त्याचा आशय माझ्या विषयाला सरळ भिडतो. ज्या देशावर प्रेम असल्याचे तुम्ही म्हणता, त्या देशाच्या हितासाठी तुम्ही काही काळ त्याच्या बाहेर असणे इष्ट आहे, असे त्यांनी टिळकांना सांगितले. म्हणजे एव्हाना वाद राणीवरच्या किंवा राजावरच्या प्रेमाचा राहिलाच नव्हता. देशावर खरे प्रेम कोणाचे, हे ठरवायचा अधिकार न्यायासनाने स्वतःकडे घेतला होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या त्याच इमारतीत १९५६ मध्ये मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी टिळकांच्या उद्गारांची पाटी लावली. एका न्यायालयाला आपल्या भिंतीवर आपल्याच निकालाविरुद्ध साक्ष कोरावीशी वाटली, ही मोठी गोष्ट आहे.

मंडालेहून सुटून आल्यावर ऑगस्ट १९१४ मध्ये, महायुद्ध सुरू झालेले असताना, टिळकांनी जाहीर पत्र काढून राजाला निष्ठा जाहीर केली. अनेकांना ते अवघड वाटते. कोणी त्याला डावपेच म्हणतात, कोणी थकवा. मला त्यात एक विचार दिसतो आणि तो १९१६ च्या बेळगाव व नगरच्या व्याख्यानांत स्पष्ट झाला. होमरूल मागताना टिळकांनी राजा आणि नोकरशाही यांची फारकत केली. राज्याची मूळ सत्ता निराळी आणि तिच्या नावाने रोजचा कारभार हाकणारे निराळे. कारभारी बदलायची मागणी करणे म्हणजे सत्तेचा द्रोह नव्हे. देव तोच ठेवून पुजारी बदलावा, अशा धर्तीचे उदाहरण त्यांनी लोकांना दिले, आणि पंढरपूरच्या वाटा तुडवलेल्या श्रोत्यांना ते समजायला वेळ लागला नाही. सरकारने या भाषणांवरून त्यांच्याकडे वर्षभर चांगल्या वर्तनासाठी २०,००० रुपयांचा मुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीनदार मागितले. बॅरिस्टर जिना उभे राहिले आणि नोव्हेंबर १९१६ मध्ये उच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला. भाषणे सबंध वाचली तर त्यांत द्रोह नाही, असे न्यायमूर्ती बॅचलर आणि न्यायमूर्ती लल्लुभाई शहा यांना दिसले.

१९२२ मध्ये मात्र वेगळेच घडले. १८ मार्चला अहमदाबादच्या सर्किट हाउसमध्ये न्यायाधीश ब्रूमफील्ड यांच्यापुढे गांधीजी उभे राहिले आणि त्यांनी गुन्हा कबूल केला. बोअर युद्धातले शुश्रूषापथक, झुलूंच्या वेळचे काम, कैसर-इ-हिंद पदक, महायुद्धात खेडा जिल्ह्यात केलेली सैन्यभरती, सगळे त्यांनी सांगितले. इतका राजनिष्ठ माणूस असहकारापर्यंत कसा आला याचा तो हिशेब होता. मग त्यांनी कलमावरच बोट ठेवले. प्रेम कायद्याने तयार करता येत नाही आणि कायद्याने त्याचे नियमनही करता येत नाही. माणसाला एखाद्याविषयी प्रेम नसेल, तर हिंसेला चिथावणी न देता ते पूर्णपणे बोलून दाखवायची त्याला मोकळीक असली पाहिजे. पंचवीस वर्षांपूर्वी रानड्यांनी निकालपत्राच्या भाषेत जे सांगितले होते, तेच गांधीजी आरोपीच्या पिंजऱ्यातून, पण पुष्कळ पुढे जाऊन सांगत होते. ब्रूमफील्ड यांनी टिळकांच्या शिक्षेचा दाखला देऊन सहा वर्षांचीच शिक्षा दिली.

येथे टिळक आणि गांधी दोघांतही मला एक समान गोष्ट दिसते. दोघांनीही समन्सला पाठ दाखवली नाही. दोघे कोर्टात आले, नियमाप्रमाणे बोलले, शिक्षा घेतली. ज्यांना राज्याने अप्रीतीचे दोषी ठरवले, तेच कायद्याच्या प्रक्रियेशी सर्वांत प्रामाणिक राहिले. राज्याने त्यांच्याकडून मागण्याजोगे जे होते ते सगळे त्यांनी दिले. जे मागता येत नाही, तेवढेच दिले नाही.

आतापर्यंतच्या माझ्या म्हणण्यावर एक आक्षेप घेता येतो आणि तो भक्कम आहे. प्रेम मागता येत नाही, दिलेला शब्द मागता येतो, असे तुम्ही म्हणता. मग ज्याने शपथ घेतली आहे आणि ती मोडली आहे, त्याचे काय? पत्रकाराने किंवा पुढाऱ्याने राजाची शपथ घेतलेली नसते. सैनिकाने घेतलेली असते. आझाद हिंद सेनेचा प्रश्न नेमका हा आहे आणि तो टाळून राजनिष्ठेवर बोलता येणार नाही.

१५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडले. १७ तारखेला फॅरर पार्कच्या मैदानावर ४०,००० हून अधिक हिंदी युद्धकैदी गोळा केले गेले. ब्रिटिशांच्या वतीने कर्नल हंट याने त्यांना जपानी मेजर फुजिवारा याच्या स्वाधीन केले आणि आमची आज्ञा पाळत होतात तशी आता यांची पाळा, असे सांगितले. गोऱ्या सैनिकांना आधीच वेगळे काढून चांगीला पाठवले होते. नोव्हेंबर १९४५ मध्ये लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेचे अधिकारी शाहनवाज खान, प्रेमकुमार सहगल आणि गुरुबक्षसिंग धिल्लन यांच्यावर लष्करी न्यायालयात खटला सुरू झाला, तेव्हा बचावाचे मुख्य काम भुलाभाई देसाई यांनी केले. मुंबई उच्च न्यायालयाचे वकील, प्रकृती बरी नसतानाही उभे राहिलेले. त्यांचा मुख्य युक्तिवाद असा होता की आपल्या देशाच्या मुक्तीसाठी संघटित सैन्य म्हणून लढणाऱ्यांना आंतरराष्ट्रीय कायद्याने लढणाऱ्यांचे हक्क मिळतात. आणि शपथेविषयी त्यांनी फॅरर पार्कची आठवण दिली. राजाने ज्यांना स्वतःच्या तोंडाने शत्रूच्या हाती दिले, त्यांच्यावर राजाचा दावा किती उरतो?

मला हा युक्तिवाद पटतो. शपथ दोन्ही बाजूंनी बांधते. रक्षण करण्याची जबाबदारी जो सोडतो, त्याला आज्ञापालनाची मागणी पूर्वीच्या जोराने करता येत नाही. पण एवढे म्हणून मी थांबलो तर अन्याय होईल. त्याच मैदानावर असे हजारो हिंदी शिपाई होते, ज्यांनी नव्या सेनेत जायला नकार दिला. त्यांतल्या कित्येकांना जपान्यांनी न्यू गिनीसारख्या ठिकाणी मजुरीला नेले. उपासमार, मारहाण, रोग. बरेच परत आलेच नाहीत. त्यांच्या नावाचे उत्सव होत नाहीत. परक्या राजाला दिलेला का असेना, शब्द म्हणजे शब्द, असे त्यांना वाटले, किंवा आपल्या पलटणीच्या माणसांना सोडवेना. शाहनवाज यांचा मान राखायचा म्हणून या माणसांना गुलाम म्हणायची गरज नाही. एकाच मैदानावर दोन प्रकारची माणसे दोन दिशांना गेली आणि दोघांचीही निष्ठा खरी होती. इतिहास शिकवताना यांतली एक बाजू आपण गाळतो, आणि मुलांना असे वाटू लागते की निष्ठेचा निवाडा नेहमी सोपाच असतो.

लष्करी न्यायालयाने तिघांना राजाविरुद्ध युद्ध पुकारल्याबद्दल दोषी धरले आणि जन्मठेप सुनावली. जानेवारी १९४६ मध्ये सरसेनापती ऑकिनलेक यांनी ती जन्मठेप माफ केली. सैन्याचा कल आणि देशाचा क्षोभ, दोन्ही त्यांना दिसत होते. पुढच्याच महिन्यात मुंबई बंदरात नाविकांचा उठाव झाला.

मग राजा गेला. निष्ठा कोणाला वाहायची, हे घटनासमितीला ठरवायचे होते आणि तिने ते फार विचारपूर्वक ठरवले. तिसऱ्या अनुसूचीत मंत्र्यांच्या, आमदार-खासदारांच्या, न्यायाधीशांच्या शपथा आहेत. त्या वाचा. खरी श्रद्धा आणि निष्ठा राज्यघटनेला. कोणा व्यक्तीला नाही, पक्षाला नाही, सरकारलाही नाही. १९६३ मध्ये सोळाव्या दुरुस्तीने देशाची सार्वभौमता आणि एकात्मता राखण्याचे वचन त्यात जोडले गेले. घटनेच्या मसुद्यात भाषणस्वातंत्र्याच्या अपवादांमध्ये राजद्रोह हा शब्द होता. कन्हैयालाल मुन्शी यांनी डिसेंबर १९४८ मध्ये तो काढायची दुरुस्ती मांडली आणि तो गेला. आणि २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेब आंबेडकरांनी इशारा दिला की धर्मात भक्ती आत्म्याच्या मोक्षाचा मार्ग असू शकेल, राजकारणात भक्ती किंवा विभूतिपूजा हा अधोगतीचा आणि अखेर हुकूमशाहीचा मार्ग आहे. त्या भाषणाची पारायणे आपल्याकडे होतात. हा भाग वाचताना मात्र प्रत्येकाला दुसऱ्याचाच पुढारी आठवतो.

तरी १२४-अ दंडसंहितेत राहिलेच. १९५१ मध्ये पंतप्रधान नेहरूंनी लोकप्रतिनिधींसमोर ते अत्यंत आक्षेपार्ह म्हटले, तरीही ते गेले नाही. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केदारनाथ सिंग खटल्यात त्याचा अर्थ आवळून, हिंसेला किंवा सार्वजनिक अव्यवस्थेला चिथावणी असेल तरच गुन्हा, असा केला. म्हणजे प्यूसाहेब १८९७ मध्ये जे मागत होते, ते पासष्ट वर्षांनी बहुतेक मिळाले.

आणखी एका निकालाची आठवण करून द्यावीशी वाटते, कारण त्यातले आरोपी, म्हणावे तर, शाळकरी मुले होती. १९८५ मध्ये केरळातल्या एका शाळेतून तीन भावंडांना काढून टाकले गेले. राष्ट्रगीताच्या वेळी ती उभी राहत, पण गात नसत. त्यांचा पंथ त्यांना ईश्वराखेरीज कोणाचे स्तवन करू देत नव्हता. ‘बिजो इमॅन्युएल’ खटल्यात न्यायमूर्ती चिनप्पा रेड्डी यांनी १९८६ मध्ये त्यांना शाळेत परत घ्यायला सांगितले. आदराने उभे राहणे पुरेसे आहे, गाण्याची सक्ती करणारा कोणताही कायदा नाही. काही लोकांना तेव्हा हा निकाल देशाचा अपमान वाटला. मला त्यात देशाचा आत्मविश्वास दिसतो. तीन मुलांच्या मौनाने जे राष्ट्र डळमळत नाही, त्या राष्ट्राचा नागरिक असणे मला अभिमानाचे वाटते, आणि हा अभिमान कोणी माझ्याकडून मागितलेला नाही.

आता आजच्या काळाविषयी. ११ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने १२४-अ चा वापर थांबवून ठेवण्याचा आदेश दिला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि राजद्रोह हा शब्द कायद्यातून गेला. त्याच्या जागी आलेल्या कलम १५२ मध्ये अलगाव, सशस्त्र बंड, विध्वंसक कारवाया चेतवणे, फुटीरतेच्या भावनेला प्रोत्साहन देणे, देशाची सार्वभौमता, एकता आणि अखंडता धोक्यात आणणे, या गोष्टी गुन्हा आहेत. शिक्षा जन्मठेप किंवा सात वर्षांपर्यंत. सरकारऐवजी देश आला, ही सुधारणा आहे आणि ती मी मनापासून मान्य करतो. सशस्त्र बंडाला शिक्षा हवीच. पण ‘भावना’ हा शब्द तिथेही आहे. कुठल्याशा ठाण्यातला अंमलदार, कुठल्याशा तालुक्यातला दंडाधिकारी एखाद्या तरुणाचे चार ओळींचे लिखाण हातात घेऊन त्या भावनेचे माप काढायला बसेल. त्याच्यापुढे स्ट्रेची यांचाही रस्ता आहे आणि रानड्यांचाही.

या सभागृहात विधी महाविद्यालयाचे बरेच विद्यार्थी आहेत, म्हणून शेवटी त्यांच्याशी बोलतो. इंडियन लॉ रिपोर्ट्सच्या मुंबई मालिकेचा बाविसावा खंड तुमच्या ग्रंथालयात असेल. टिळकांचा खटला ११२ व्या पानावर सुरू होतो, ‘प्रतोद’चा १५२ व्या पानावर. दोन्ही एकाच बैठकीत वाचा. स्ट्रेची यांचे ज्युरीपुढचे भाषण आधी, मग रानड्यांचे छोटे निकालपत्र. मग कलम १५२ समोर ठेवा आणि त्यातला एकेक शब्द रानड्यांच्या कसोटीवर लावून पाहा. जेथे तो उतरत नाही तेथे खूण करा. त्या खुणा घेऊन लवकरच तुमच्यापैकी कोणाला तरी एखाद्या अनोळखी माणसाच्या जामिनासाठी उभे राहावे लागेल. या कलमाचा अर्थ अजून घडतो आहे, आणि तो तुमच्या युक्तिवादांतून घडणार आहे.